चिनौर, हरसी, नरवर आणि नलिनीची उपडी कढई

पंप घेतलात? नाही ना. ठाऊकच होतं मला. मृणालने मागच्या खेपेला एवढं बजावून लिहिलं होतं की डोंगरात सायकल काढताना हवेचा पंप घरी विसरू नका, आणि खाली तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवलेत. अंगठ्याने हवा भरते का कधी? मला लिहिता-वाचता येत नाही, अंगठाच देते मी आयुष्यभर, पण पंप विसरत नाही.

या खेपेला सांगणारी मी, लिहिणारी ती. मृणाल माझी नात. ग्वाल्हेरच्या माधवगंजात आम्ही दोघी राहतो. तिचं लिहिणं म्हणजे किती किलोमीटर, किती चढ, किती घाम. रस्त्यावर माणसंही असतात, ती कोण लिहिणार?

तर जायचं ठरलं ते असं. माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा, वसंता, गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेला. बसल्या जागी, चहाचा कप हातात. ताई राहते नरवरच्या पुढे, डोंगरात. सगळ्या नातेवाईकांनी मोबाइलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली. गेलं कोणी नाही. आणि दसरा तोंडावर आलेला. आमच्यात अशा घरात सुतक फिटलं तरी कढई चढत नाही. पहिल्या सणाला माहेरच्यांनी आपल्या घरचं तळण घेऊन जायचं, हाताने भरवायचं, चुलीवर कढई ठेवायला लावायची. मग त्या घराला सण मोकळे. ताईच्या माहेरचं आता उरलंय कोण? मीच. तेव्हा मी चिरोटे तळले, कडबोळी तळली, डबा कापडात बांधला आणि मृणालला म्हटलं, "तुला शांत रस्ते हवेत ना? चल, दाखवते."

ती सायकलवर, मी मागून रज्जूच्या ऑटोत. रज्जू पडावला स्टेशनबाहेर ऑटो लावतो. दोन दिवसांचं भाडं ठरवताना तो उदार होता, कारण त्याला वाटलं अम्मा लवकर थकेल आणि परत फिरेल.

सकाळी उजाडताना निघा, हे माझं ऐका. लष्कर म्हणजे आमचा ग्वाल्हेरचा जुना बाजारभाग, तिथे बेडई, डाळ भरलेली पुरी, खाऊन निघा, पण दोनच. तिसरी खाल्लीत तर पहिल्या चढावर ती तुम्हाला खाईल. शहर सुटलं, चिनौरचा रस्ता लागला की ट्रक कमी होतात. मध्ये मध्ये डांबर उखडलंय, रुंद टायर बरे. दोन्हीकडे बाजरी कापणीला आलेली. चिनौरला चहा दहा रुपयांत मिळतो, आलं भरपूर, दूध नावाला.

रज्जू तिथेच कातावला. "अम्मा, इतना धीरे तो बारात चलती है. बिटिया को पीछे बिठाओ, सायकल छत पे डालो."

"आणि मग ती लिहील काय, तुझं डोकं?"

"मेरा डोकं क्या बुरा है?" तो म्हणाला. बारा वर्षं मराठी सवाऱ्या नेऊन 'डोकं' एवढाच शब्द शिकलाय.

हा रस्ता मला पाठ आहे तो मैलाच्या दगडांमुळे नव्हे. माझ्यासाठी ते नुसते दगड. लग्न झालं तेव्हा आमचे हे मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ताईकडे न्यायचे. भितरवारला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढे. पाय एका बाजूला सोडून बसायचं आणि चढ आला की उतरून चालायचं. कोणता चढ कुठे, हे माझ्या पोटऱ्या अजून सांगतात. मृणालच्या हातातल्या यंत्राने हरसीचा चढ दाखवण्याआधी मी ऑटोतून ओरडले, "गिअर बदल गं!" तिने वळून असं पाहिलं, जणू ऑटोच बोलली.

भितरवारच्या बाजारात जेवून घ्या, पुढे काही नाही. मग नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेने हरसीच्या बांधापर्यंत जी सावली आहे, तिच्यासाठी हा सगळा प्रवास करावा. बांधावर उभं राहिलं की पाणी डोंगराच्या पायाशी जाऊन टेकलेलं दिसतं. मृणालने फोटो काढले. मला तेवढ्यात आठवत होतं, यांनी इथेच बसून सांगितलेलं, की ऑफिस आता भोपाळला जाणार.

तो काळ तुम्हाला सांगायला हवा, शाळेत तुम्ही पाठ केलात आणि विसरलात. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, मध्य भारत गेला, मध्य प्रदेश झाला. मला नकाशा कळत नाही, मला एवढंच कळलं की आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला गेले. यांचंही तेच. ताईचं उलट झालं. तिचे यजमान डोंगरात संस्थानच्या हद्दीवर जकातीचे नाकेदार होते. आडवा बांबू, शेजारी दोन खोल्या. हद्द पुसली, बांबू निघाला, शिपाई आपापल्या घरी गेले. भावजींना ग्वाल्हेरात काम मिळत होतं. ते म्हणाले, आंब्याची कलमं आत्ताच लावलीत, एक बहर बघून येतो. बहर आला, वसंता झाला, ते तिथलेच झाले.

नरवरला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. किल्ल्याखालच्या धर्मशाळेत खोली स्वच्छ, गादी कडक. चादर घरची न्या. सकाळी पुढचा रस्ता खरा डोंगरातला: पळसाचं रान, वळणं, गाडी म्हणाल तर अधूनमधून दूधवाल्याची मोटारसायकल. एका वळणावर मृणालचं टायर बसलं. तिने पंप काढला, हवा भरली. (बघा.)

ताई ओसरीवर खाटेवर होती. पाखराएवढी झालीय. मला पाहून लगेच म्हणाली, "बबे! नाक्यावर अडवलं नाही ना तुला?"

मी म्हटलं, "नाही गं, नाका उघडाच होता."

"वसंता असेल तिथे. त्याला म्हणावं, जेवायला ये. ही नलू केव्हाची थांबलीय."

नलिनी तिची सून. दारात उभी होती, कपाळ मोकळं. तिने मला आत बोलावलं आणि सांगितलं, "मावशी, त्यांना सांगत होते रोज, हे गेले म्हणून. रोज नव्याने रडायच्या. आता नाही सांगत. नाक्यावर गेलेत म्हणते."

मी डबा आणलेला. काय करणार? ज्या दुःखाचं तोंड गोड करायचं, ते ताईपाशी नव्हतंच. चिरोटा तिच्या हातावर ठेवला, तिने मोडून खाल्ला, अर्धा पदराखाली ठेवला. "वसंताला." मी मान हलवली. मृणाल उठून सायकल पुसायला गेली. स्वच्छच होती सायकल.

मग मी स्वयंपाकघरात गेले. कढई फळीवर उपडी, तिच्यावर धूळ. म्हटलं, "नलू, ठेव चुलीवर. माहेर आलंय."

ती हसली. हसणं कसलं, ओठ हलले. "मावशी, तुम्ही आईंचं माहेर. माझं नाही."

मी मोठेपणा काढला. "ताईखालोखाल मीच मोठी, माझं चालेल."

दारात शेजारीण येऊन बसली होती, रामकली, भावजींच्या आंब्यांची राखण तिचा नवरा करतो. ती म्हणाली, "नईं अम्मा. चूल जीके हात में, पीहर ऊको. हम तो कब के पूड़ी लै आते. पर पीहरवाले जियत हैं, तो हम कैसें चढ़वा दें? बिनको अपमान हुइए."

खरं बोलली. चूल जिच्या हातात, माहेर तिचं. इतके दिवस गावाने नलिनीच्या घरी पोळीभाजी पोचवली, तळण एक दिलं नाही, कारण तो मान तिच्या भावाचा. आणि मी, लष्करातल्या बायकांना रीत शिकवणारी, चिरोटे घेऊन चुकीच्या चुलीपाशी आले होते.

"श्रीकांतला कळवलंस?" मी विचारलं. श्रीकांत तिचा भाऊ, पुण्यात असतो.

"कळलंय. फोन केला होता त्याने. रडला खूप." कढईवरची धूळ तिने बोटाने पुसली, मग हात मागे घेतला. "त्याला रीत आठवली तर येईल. मी कशी सांगू, मावशी? माझ्याच तोंडाने कसं म्हणू, मला खायला आण?"

निघताना माझा डबा तिने रामकलीच्या घरी दिला. ताई खाटेवरून म्हणाली, "सांभाळून जा गं. हद्दीपलीकडे रस्ता वाईट आहे."

परत येताना रज्जू घाई कर म्हणाला नाही. उतारावर मृणाल पुढे निघून गेली, नहरीपाशी थांबली, डोळे लाल. धूळ फार आहे म्हणाली. असेल.

आता घरी आहे. दसरा झाला. आम्ही पाटावर बसलो, मी पुरी घेतली आणि ठेवून दिली. रस्त्याचं म्हणाल तर जरूर जा, थंडीत तर नक्की, याहून निवांत रस्ता या बाजूला नाही. तिथे थांबलात तर नलिनी चहा देईल. ताईने विचारलं तर नाका उघडा होता म्हणा.

आणि श्रीकांत, तू हे वाचतोस, मृणाल म्हणाली. निवृत्त होऊन तूही सायकल घेतलीस म्हणे. रागावत नाही मी. बहिणीकडे काय घेऊन जायचं, हे तुला सांगणारी तुझी आई राहिली नाही, म्हणून मी सांगते. भाऊबिजेच्या आधी जा. गुडघे दुखत असतील तर माणसाबरोबर पाठव, पण दुकानातला पेढ्यांचा डबा नको. तुझ्या घरच्या कढईतल्या करंज्या पाठव, सारणात खसखस घाल, चकल्या वेगळ्या बांध. आणि एक करंजी जास्त ठेव. ताई वसंतासाठी मागेल.