आईच्या कानाखालची गाठ

डॉक्टरनं आईची हनुवटी पेनानं वर केली. हातानं नाही. पेनानं.

भोवती शिकाऊ डॉक्टर पोरंपोरी उभी. आईचा डावा गाल लोंबलेला, डोळा मिटत नव्हता, कानाखाली लिंबाएवढी गाठ. डॉक्टर त्यांना म्हणाला, "तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन हे घेऊन येतात. यांच्या वस्तीत हेच चालतं."

वस्ती त्यानं पाहिली नव्हती. केसपेपरवरचं आडनाव वाचलं होतं.

आई मुकुटबनजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवायची. जन्मात सुपारी तोंडात घातली नाही. वाकड्या तोंडानं ती म्हणाली, "सायेब, म्या कधी खर्रा नाही खाल्ला."

कोणी ऐकलं नाही. तो इंग्रजीत बोलू लागला. मला एकच शब्द कळला. पूअर. वाटलं, आमची गरिबी काढतोय. तरी गप्प राहिले. आईचा हात धरून बाहेर आले. त्या गप्प राहण्याची लाज अजून जात नाही.

बाहेर एका नर्सबाईला केसपेपर दाखवला, पूअर म्हणजे काय ते विचारलं. तिनं वाचला, माझ्याकडे पाहिलं. "गरीब नाही म्हणलं वं बाई. बिमारी पुढं सुधरायची आशा कमी आहे, असं लिवलं."

दोन वर्षं ती गाठ होती. दुखत नव्हती. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मी तव्यावर फडकं गरम करून शेकायची. रोज. मीच. आणि आता तिच्या मरणाचं बोलणं तिच्याच समोर, तिला न कळणाऱ्या भाषेत उरकलं होतं.

मी आईला घेऊन परत आत गेले.

"घरच्या पुरुषाला पाठवा," डॉक्टर म्हणाला.

"पुरुष नाही. मी आहो. अन् जिले झालं थे इथं उभी आहे. तिले सांगा. मराठीत सांगा. अन् खर्र्याचं लिवलं असन त खोडा."

"बाहेर पेशंट खोळंबलेत."

मी स्टूल ओढलं. आईला बसवलं. हलले नाही.

शेवटी त्यानं सांगितलं. तोंडात लाळ तयार करणाऱ्या ग्रंथीचा कॅन्सर. चेहऱ्याच्या नसेत शिरलाय, फुप्फुसात पोचलाय. लवकर आणलं असतं तर ऑपरेशननं वाचण्याची आशा होती. आता वर्ष निघणं कठीण. आणि अगदी हळू आवाजात, "खर्र्यानं होतो तो कॅन्सर हा नाही."

पेन घेऊन त्यानं केसपेपरवरची खर्र्याची ओळ खोडली.

आईनं सगळं ऐकलं. "बरं झालं सांगतलं," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू कायले रडून राह्यली? चाल, मले घरी ने."

सात महिने जगली. शेवटी पाणी गिळवत नव्हतं, ओठांच्या कडेनं गळायचं. गेली तेव्हाही डावा डोळा उघडाच होता. मी तळहात ठेवून बसले. उचलला की उघडायचा. पुन्हा ठेवला.

आता गावातलं कोणी मोठ्या दवाखान्यात निघालं की मी सोबत जाते. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारते. हाकलतात. मी जात नाही. माझ्यामुळं त्यांची रांग थांबत असेल, तर थांबू दे.