मावशीचं नख

डोळे मिटायचे, अंगठ्याचं नख लाखेच्या जोडावर टेकवायचं आणि सावकाश अलीकडून पलीकडे न्यायचं. मग डोळे न उघडताच मावशीने निकाल सांगायचा, "अडते. पुन्हा कर."

बस, एवढंच. कुठे अडते, किती अडते, हे विचारायची सोय नव्हती. नख अडलं म्हणजे जोड अजून जोडच आहे, लाकडात मिसळलेला नाही. पुन्हा सळई तापवा, पुन्हा लाख भरा, पुन्हा घासा. काम जमलं असेल तर मावशी काहीच बोलायची नाही, वस्तू बाजूला ठेवून पुढची उचलायची. "सरकते" हा शब्द मी तिच्या तोंडून एकदाच ऐकला, आणि तोही माझ्या कामाबद्दल नव्हता. तो कशाबद्दल होता ते सांगतेच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या शाबासकीची वाट पाहत आपण म्हातारे होतो आणि तरी त्यांचं दार सोडत नाही.

आंधळगावात बाजाराच्या वाटेवर साऱ्या गावाच्या या मावशीचं घर होतं. पुढच्या पडवीत खराद. ज्यांनी खराद पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत रोवलेले दोन ठोकळे, त्यांच्या लोखंडी टोकांमध्ये आडवं अडकवलेलं लाकूड आणि लाकडाला वेढा घातलेली दोरी. एकाने दोरी ओढायची, म्हणजे लाकूड गरगर फिरतं. दुसऱ्याने हत्यार धरून ते कातायचं. कातून झालं की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्याच्या उबेने लाख वितळते आणि लाकडाला बसते. मग शिंदीच्या पानाला तेलाचं बोट लावून ते वरून दाबलं, की तोंड दिसेल अशी चकाकी येते. लाख पळसाच्या झाडांवरची, जंगलाकडची माणसं आणून द्यायची.

पूर्वी तिथे पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे पाय, भोवरे, सगळं नवं व्हायचं. मी गेले ते सत्तरच्या पुढचे दिवस. बाजारात प्लास्टिकची खेळणी आली होती आणि मावशीकडे नव्यापेक्षा मोडलेलंच जास्त येत होतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "नवं कोनीही करते," ती म्हणायची. "मोडलेलं करून दाखवा म्हना."

तिचा नवरा खरादी होता. लग्न झाल्यापासून तिने दोरी ओढली आणि त्याने हत्यार धरलं. तो गेला तेव्हा आता खराद विकायची का, असं लोक विचारू लागले. तेरवी आटोपल्यावर मावशी दोरीच्या बाजूने उठली आणि हत्याराच्या बाजूला जाऊन बसली. कोणी विचारलंच, तर म्हणायची, "डोये का फुटले होते माहे? इतके दिवस समोर बसून सारं पायलंच ना?"

मी तिच्याकडे गेले तेव्हा सासर सोडून भावाकडे आले होते. का सोडलं ते इथे सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. परत जायचं नाही एवढं मात्र मनाशी पक्कं केलं होतं. दादा वाईट माणूस नव्हता, पण चार लोक विचारत होते आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. एक दिवस बैल सोडता सोडता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "धान घरी येईतोवर पाय बाई. कोनता धंदा धरता आला तं धर. नाही तं मी तुले पोचवून देतो."

धंदा म्हणजे बिड्या वळणं. सगळ्यांनी तेच सुचवलं. पण घराघरातल्या ओसरीवर मान खाली घालून बसलेल्या बाया पाहिल्या, की माझा जीव घाबरा व्हायचा. मावशीची दोरी ओढणारी बाई बिड्यांकडे गेल्याचं कळलं आणि मी तिच्या पडवीत जाऊन उभी राहिले.

मावशीने माझा हात ओढून घेतला, उलटा केला, डोळे मिटले आणि तळहातावरून नख फिरवलं.

"सरकते," ती म्हणाली. "लोण्यावानी हात हाये. ह्याचं मी का करू?"

मी तेव्हा फार तिखट होते. म्हटलं, "दोरी ओढायला हातच लागतो ना मावशी? लोणी मी घरी ठेवून येईन."

तिने डोळे उघडले. "तोंड तं चांगलंच अडते व तुहं," ती म्हणाली. "बस."

दोरी ओढण्यात काय शिकायचं, असं मला वाटलं होतं. ओढायची आणि सोडायची. पण मी ओढली की लाकूड थरथरायचं, लाख एका जागी ढीग व्हायची आणि दुसरीकडे कोरडंच राहायचं. मावशी मान वर न करता ओरडायची, "झोपली का व?" तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर तिनेच हळद-तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी हातात दिली. माया आणि काम या दोन गोष्टी तिच्याकडे वेगवेगळ्या नव्हत्या.

आता तिच्या कोहळ्याची गोष्ट. आपल्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण दुरुस्तीला आलेला पाळणा टांगून, हलवून बघितल्याशिवाय परत कसा द्यायचा? त्यासाठी मावशीने एक कोहळा बाळगलेला होता. पाळणा आढ्याला टांगला, की त्यात धडुत्यावर कोहळा ठेवायचा, वरून एक फडकं पांघरायचं आणि मग झोका द्यायचा. बाजाराला जाणाऱ्या बाया मुद्दाम विचारायच्या, "का झालं व मावशी, पोरगा का पोरगी?"

"कोहळा झाला," मावशी गंभीरपणे सांगायची. "बापावर गेला."

एकदा शहापूरकडचा एक माणूस बैलबंडीत घालून पाळणा घेऊन गेला तो कोहळ्यासकट. त्याला वाटलं, शुभ म्हणून दिला असेल. मावशी बंडीमागे नाक्यापर्यंत धावली. "पाळना तुहा हाये, पोरगं माहं हाये!" असं ती ओरडत होती. त्या माणसाने घाबरून बैल थांबवले. लोक हसून हसून खाली बसले. मावशी कोहळा कडेवर घेऊन परत आली आणि काही झालंच नाही अशा थाटात हत्यार हातात घेतलं.

दोरी जमू लागल्यावर तिने मला दुपारच्या जेवणानंतर मोडकं सामान द्यायला सुरुवात केली. लाटणं, भोवरा, चिरलेली डबी. चिरेत लाकडाचा भुसा घातलेली लाख भरायची, तापल्या सळईने ती आत बसवायची, निवू द्यायची, कातायची आणि वरून रंग चढवायचा. मी जीव लावून करायची. ती डोळे मिटायची. "अडते. पुन्हा कर." एकदा मी रागाने लाटणं अंगणात फेकलं. मावशीने ते शांतपणे उचलून आणलं, पदराने पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "फेकल्यानं नख अडाचं थांबते का?" ती म्हणाली.

इकडे धानाची कापणी सुरू झाली. दादा शेतातून यायचा तेव्हा मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. दोरी ओढणं म्हणजे धंदा नव्हे, हे मलाही कळत होतं. गावाने माझ्या हातात काम दिलं तर तो धंदा.

त्याच सुमाराला वहिनी बाळंतपण उरकून साकोलीहून परत आली. कडेवर बाळ, सोबत तिची आई आणि एसटीच्या टपावर माहेरचा पाळणा. टपावरून उतरवताना पाळणा निसटला आणि त्याची एक दांडी मधोमध मोडली. दोघी तशाच मावशीच्या पडवीत आल्या. दादा पाळणा डोक्यावर घेऊन मागे. आत्या म्हणून मी हरखून पुढे झाले, दांडीला हात लावणार तोच वहिनीची आई म्हणाली, "मावशी, पाळन्याले तुमीच हात लावजा. ह्या पोरीचा नोको. नांदत नाही ते."

दोरीचं टोक माझ्या हातात तसंच राहिलं. मी दादाकडे पाहिलं. तो जमीन बघत होता. ज्या हातावर मी आयुष्य काढायचं ठरवलं होतं, तो हात पाळण्याला चालत नाही असं भर पडवीत सांगितलं गेलं होतं. आणि मावशीकडचं निम्मं काम पाळण्यांचंच होतं.

मावशीने स्वतःच्या मोकळ्या कपाळाला बोट लावलं. "माह्या कपायावर तुले कुंकू दिसून राहिलं का व बाई? ह्या गावचे सारे पाळने माह्या हातचे हायेत."

"तुमची गोष्ट येगळी हाये, मावशी."

"काहून येगळी?"

वहिनीच्या आईने मोडकी दांडी धरून ठेवली. पाळणा काही पुढे केला नाही. मावशीने वाकून दांडीची मोड पाहिली. मग म्हणाली, "बरं. पाळना माह्या खरादीवर होईन. परवा घेऊन जाजो."

ते गेल्यावर मी दोरीजवळ बसले. मावशी उठली, माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उठ. तिकडं बस. दोरी मी वढतो."

"मावशी, नख अडलं तर?"

"अडलं तं पुन्हा करजो. लाख का संपून राहिली?"

मी दोन्ही तुकड्यांना भोक पाडून आत बांबूची खुंटी बसवली, गरम लाख ओतली, सुतळीने आवळून बांधलं. दुसऱ्या दिवशी दांडी खरादीवर चढवली. मावशीने दोरी ओढली, आणि दोरी म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. लाकूड जणू आपलं आपण फिरत होतं. माझा हात कुठे कचरतो ते तिला माझ्या आधी कळायचं आणि तिथे ती दोरी जराशी सैल धरायची. नवऱ्याच्या हाताला तिने अशीच वर्षानुवर्षं साथ दिली असणार. तांबडी लाख चढली, तिच्यावर पिवळी रेघ चढली, शिंदीचं पान फिरलं.

मग तिने डोळे मिटले. नख टेकवलं. नख पलीकडे गेलं, परत अलीकडे आलं. मावशी काहीच बोलली नाही. ती आत गेली आणि कोहळा घेऊन बाहेर आली.

ठरल्या दिवशी मंडळी आली तेव्हा पाळणा आढ्याला टांगलेला होता आणि त्यात कोहळा झोपला होता. मावशीने वहिनीच्या आईला पुढे बोलावलं. "डोये मीट. नख लावून पाय."

तिने एकदा नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. दुसऱ्या दांडीवर फिरवून आली. "कोनती मोडली होती, तेच समजून नाही राहिलं," ती म्हणाली. "तुमच्या हाताची सर नाही कोनाले, मावशी."

"माहा हात दोरीवर होता," मावशी म्हणाली. "हे काम तिचं हाये."

वहिनीची आई लाल झाली. "तुमी तं म्हटलं होतं..."

"माह्या खरादीवर होईन म्हटलं होतं. झाला. नोको असन तं ठेवून जाय. माहा कोहळा चांगला झोपते त्यात."

माझी वहिनी फार कमी बोलणारी. सासरी आल्यापासून तिचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला नसेल. ती पुढे आली. पाळण्यातला कोहळा उचलून तिने माझ्या पदरात दिला. बाळाला पाळण्यात निजवलं आणि पाळण्याची दोरी माझ्या हातात ठेवली.

"पयला झोका आत्याचा असते," ती आईकडे बघून म्हणाली.

एका हाताने कोहळा सावरत दुसऱ्या हाताने मी झोका दिला. मला रडू येत होतं आणि मावशी मागून ओरडत होती, "सांभाळून व, माहं पोरगं पाडशीन!" सगळ्यात आधी दादाच हसला. त्या वर्षी धान घरी आलं, पण मला पोचवून द्यायची गोष्ट कोणी काढली नाही. उलट पावसाच्या आधी दादाने मावशीच्या पडवीला स्वतः बांबूच्या ताट्या बांधून दिल्या.

त्यानंतर मावशी पुन्हा हत्याराच्या बाजूला फारशी बसलीच नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, पण तिने ते कारण कधी सांगितलं नाही. "दोरीवर आराम असते," म्हणायची. लोक माझं नाव घेऊन काम आणू लागले. तेव्हाही ती प्रत्येक जोडावर नख फिरवायची, आणि मी केस पिकायला लागलेली बाई मुकाट्याने सळई तापवायला ठेवायची.

ऐंशीची दहा वर्षं सरत आली तेव्हा तिने अंथरूण धरलं. तिची खाट आम्ही पडवीतच टाकली, कारण खरादीचा आवाज आला नाही की तिला करमत नसे. दोरी ओढायला वहिनी येत होती. तिची दोरी चुकली की खाटेवरून आवाज यायचा, "झोपली का व?" वहिनीला तो आपला मानच वाटायचा.

एका दुपारी मावशीने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल. तिने माझा हात चाचपून धरला आणि उलटा केला. डोळे मिटायची आता गरज नव्हती, तरी तिने ते मिटले. मनगटापासून बोटांपर्यंत, दोरीच्या आणि हत्याराच्या घट्ट्यांवरून तिने अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. मध्येच थांबली, पुन्हा फिरवलं.

"अडते," ती म्हणाली आणि हसली.

या वेळी मात्र 'पुन्हा कर' म्हणाली नाही.