तात्यांनी पाठमोरं बसून निवडलेला जोड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

मालवणात माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. मुंबईहून गावी परतलेल्या एका गृहस्थाने मला स्पीकरचा जुना जोड विकला होता. ब्रिटिश धाटणीचा, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा. पातळ लाकडी खोकी, पुढे काळी जाळी. पहिल्यांदा लावला त्याच दिवशी ठरवलं, हा घरी न्यायचा.

तेवढ्यात धामापूरचे तात्या आले. माझ्या वडिलांचे दोस्त. दशावतारात आणि भजनात आयुष्यभर पेटी वाजवलेला माणूस. भजनाआधी सगळे सूर तात्यांना विचारून लावत. त्यांचा धाकटा भाऊ बापू भजनं गायचा. तो वारल्यावर त्याची एक कॅसेट तेवढी उरली होती. ती ऐकायला त्यांना लहानसे, चांगले स्पीकर हवे होते.

मी जुना जोड लपवू शकलो असतो. पण मिरवायची हौस — आणि खात्री, की तात्या त्याच्या शेजारी विकायला ठेवलेला चकचकीत, दणदणीत नवा जोडच घेतील. दोन्ही ऐकवतो म्हणालो. तात्या म्हणाले, दिसण्याला भुलायला नको, मी पाठमोरा बसतो.

त्यांनी आणलेली कॅसेट आधी जुन्या जोडावर लावली, मग नव्यावर. दुसऱ्यावर बापूचं कडवंही पुरं होऊ दिलं नाही त्यांनी.

"पयलो," ते म्हणाले. "दुसऱ्यात बापू खोक्यात बसान गाता. पयल्यात तो श्वास घेता."

ते वळायच्या आत मी बोललो. पहिला म्हणजे हा नवा, असं म्हणून नव्या जोडावर हात ठेवला. किती वेळ लागला असेल — एक क्षण? तात्यांनी मान डोलावली आणि नवा जोड घेऊन गेले. माझ्यावर शंका घेण्याचं त्यांना कारणच काय होतं?

आठवड्याने त्यांनी बोलावून घेतलं. मी धामापूरला गेलो. ते खुर्चीत बसले होते, कॅसेट चालू होती.

"ह्यो तो जोड न्हय," ते म्हणाले.

मी उगाच वायरी काढल्या, घातल्या, खोकी भिंतीपासून पुढे ओढली. तेव्हाही सांगता आलं असतं — घाईत चूक झाली, बदलून देतो. एवढंच. त्याऐवजी मी म्हणालो, "जोड तोच आसा, तात्यानू. वय झाला की कान जरा —"

वाक्य पुरं केलं नाही. गरजच पडली नाही. त्यांनी हात पुढे करून कॅसेट बंद केली.

त्यानंतर भजनात कोणी सूर विचारला की तात्या म्हणत, दुसऱ्याला विचारा. मग पेटीवर बसणंच सोडलं. लोक हळहळले, तात्यांचे कान गेले म्हणाले. मीही म्हणालो — हो, मीसुद्धा.

एकदा गणपतीला ते माझ्या घरी येणार होते. सकाळीच मी फळीवरून ते जुने स्पीकर उतरवले, आतल्या खोलीत नेले, दाराला कडी घातली. आरतीच्या वेळी सगळ्यांनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती हलकेच मागे सारली. "माज्या कानांचो आता भरवसो नाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं — राग नव्हता, शंका नव्हती. मी ते आधीच सांगितलं होतं ना, म्हणून. मी टाळ घेऊन उभा होतो. आरती सुरू केली.

त्यानंतर तीन वर्षं ते जगले. बाजाराच्या दिवशी दुकानात येत, चहा घेत. दर वेळी वाटायचं, आज बोलू. आणि दर वेळी मी मुलाबाळांची, पावसापाण्याची चौकशी करत राहिलो.

तात्या गेले. त्यांची पेटी घरच्यांनी देवळात दिली.

त्यांचे कान शाबूत होते. दुकानात आणि धामापूरला, दोन्ही वेळा त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हे गावात कोणाला ठाऊक नाही. तात्यांनाही नव्हतं.