सालोमीबायचे राहिलेले दोन रविवार

आमच्या नंदाखाल गावच्या सालोमीबाय आता नव्वदीला टेकल्या आहेत. एके काळी त्या सिनेमात नाचत होत्या, हे नव्या पिढीला खरे वाटत नाही, आणि पटवून देण्याचे त्राण त्यांच्यात उरलेले नाही. म्हणून मी, त्यांची शेजारीण, त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे.

सतराव्या वर्षी मुंबईच्या एका स्टुडिओने त्यांना पगारी नर्तकी म्हणून ठेवले. त्या काळी नट, नट्या, शिंपी, सुतार असे सर्वच स्टुडिओचे नोकर असत. करार सात वर्षांचा होता. वडिलांनी त्यावर अंगठा उठवला. मॅनेजरने पगार, जेवण आणि राहण्याची खोली एवढेच वाचून दाखवले. मुदत संपेपर्यंत मुलीने लग्न करायचे नाही, हे कलम त्याने वाचले नाही. अंगठा लावणाऱ्या माणसाला वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्यापलीकडे इलाज नसतो.

मुलींना स्टुडिओच्या आवारातच ठेवत. बाहेर पडायला परवानगी लागे. अंगात ताप असला तरी दिव्यांच्या उष्णतेत उभे करीत. सालोमीचे नाव बदलून ‘मालती’ केले. हे सारे त्यांनी सोसले, कारण तिथेच त्यांना बेनेडिक्ट भेटला. तो आगाशीचा, स्टुडिओत सुतार होता. पुठ्ठ्याचे आणि फळ्यांचे राजवाडे उभे करी. पाचव्या वर्षी दोघांनी लग्न ठरवले.

ख्रिस्ती घरांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावे जाहीर करण्याचा रिवाज आहे. पहिल्या रविवारी नावे जाहीर झाली. दुसरा रविवार उजाडण्यापूर्वीच मॅनेजरची मोटार दारात उभी राहिली.

“हे लग्न झालं, तर मुंबईतल्या एकाही स्टुडिओत हा सुतार खिळा ठोकणार नाही,” तो वडिलांना म्हणाला.

सालोमीबाय स्वतः फादरांकडे गेल्या आणि उरलेल्या दोन घोषणा त्यांनी थांबवल्या. मुदत संपेपर्यंत थांबायचे ठरले. पण मुदतीआधीच स्टुडिओ बुडाला आणि फाटकाला कुलूप लागले. आता लग्न अडवणारे कोणी उरले नव्हते; बेनेडिक्टही उरला नव्हता. त्याच्या आईने धीर सोडून त्याचे दुसरीकडे जमवले होते.

विहिरीवर बायका म्हणत, “आली गं, पहिल्या रविवारची नवरी!” सालोमीबाय घागर भरून निघून जात. पुढे त्यांनी कोणतेही स्थळ पाहिले नाही. भावाच्या केळीच्या वाडीत त्यांचे आयुष्य गेले.

त्या भावाची नात शर्लिन नायगावच्या सेटवर एका मालिकेत सुनेचे काम करीत होती. उमेळ्याच्या मायकलशी तिचे लग्न केव्हाच ठरले होते. परंतु करार चालू असेपर्यंत लग्न करायचे नाही, ही अट तिलाही होती. करार संपत आला, तेव्हा निर्मात्यांचा माणूस निमिष आणखी एका वर्षाचा कागद घेऊन घरी आला. मीही तेथे बसले होते.

“एकच वर्ष, आजी,” तो म्हणाला. “लोक शर्लिनला तुळशीला पाणी घालणारी सून समजतात. चर्चमधून पांढऱ्या झग्यात निघालेला फोटो मोबाईलवर फिरला, की टीआरपी खलास!”

“मालिकेत तिचं तिसरं लग्न चाललंय ना रे?” सालोमीबायनी विचारले.

“तिसरं नाही हो, दुसरंच. पहिला नवरा परत आला ना, म्हणून त्याच्याशीच पुन्हा.”

“म्हणजे तिथं हारावर हार, आणि इथं नाव घ्यायचीही चोरी!”

निमिष हसला. शर्लिन हसली नाही. मग तो तिच्याकडे वळला. “बघ हां. नायगावात सगळे सेटवाले एकमेकांना ओळखतात. अडून बसणारीला कोण बोलावणार?”

शर्लिन कागदाकडे पाहत राहिली. “आजी, मायकलची आई आता ऐकत नाहीये. आणि काम सोडलं तर काम नाही. मी काय करू?”

“मला थकलेलीला कशाला विचारतेस, बाय?” सालोमीबाय भिंतीला टेकून म्हणाल्या. “मी थांबले होते. आपण एकदा थांबलो, की लोकांना वाटतं, हिला थांबता येतं.”

शर्लिनने सही न करताच पेन निमिषच्या हातात परत दिले.

“मग तुला मारावं लागेल,” तो अगदी सहज म्हणाला. मी दचकले, तेव्हा घाईने पुढे म्हणाला, “मालिकेत हो, मावशी!”

पुढच्या आठवड्यात ती सून मोटारीच्या अपघातात वारली. आम्ही सर्वजण टीव्हीसमोर होतो. पडद्यावर शर्लिनच्या फोटोला हार घातला होता आणि खाली बसून शर्लिन खरोखर रडत होती. एवढ्या वर्षांचे काम सुटले होते आणि दुसऱ्या कोणाचाही फोन आला नव्हता.

सालोमीबायनी आवाज बंद करायला सांगितले.

“मेलीस ना?”

“मेले,” शर्लिन नाक पुसत म्हणाली.

“बरं झालं. आता तोंड धू आणि मायकलला बोलव. फादर जेवायला बसायच्या आत नावं देऊन या.”