ओ द्यायची राहिलेली तारीख

जुळारीबुवा, नमस्कार वगैरे राहू द्या. छापखान्यात तुम्हाला वेडा म्हणतात. वेडा माणूस प्रूफ तीन-तीनदा वाचत नाही, हे तुमची थोरली मेहुणी म्हणून मी ठणकावून सांगते. आता बसा आणि तुमचीच गोष्ट ऐका.

तर हा जुळारी कॅलेंडरांच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. घरीही डोकं प्रुफातच. बायको स्वयंपाकघरातून "अहो!" म्हणायची, हा ढिम्म. "भिंतीला तरी कान असतात," ती करवादायची. एका एकोणतीस फेब्रुवारीला तिने दोनदा हाक मारली. हातातली ओळ संपवून हा उठला, तोवर ती ओट्याशी कोसळली होती. सगळं संपलं होतं.

पुढल्या वर्षी अठ्ठावीसनंतर थेट मार्च. तिचा दिवसच नाही. हाक मात्र आली. हा धावला, तर आत कुणी नाही. आता ओ द्यायची ती कोणत्या दिवशी?

एकदा एका इंग्रजी कॅलेंडरच्या तळटीपेत त्याला 'इंटरकॅलरी' हा शब्द जुळवावा लागला. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या मेहुणीला, म्हणजे मलाच, त्याने अर्थ विचारला.

"लॅटिनमध्ये 'कलारे' म्हणजे हाक मारणं. जुन्या रोमात महिना लागला की पुरोहित ओरडून सांगायचे. कॅलेंडर त्यावरूनच. 'इंटर' म्हणजे मध्ये. हाक देऊन मध्ये घातलेला दिवस, झालं."

"म्हणजे हाक आली की दिवस घालायचा?"

"घालतात. तुम्ही चहा प्या."

पुढच्या साध्यासुध्या वर्षाच्या कॅलेंडरात एकोणतीस फेब्रुवारी छापून आला.

"हा दिवस काय तुझ्या तीर्थरूपांनी घातला?" मालक कडाडले.

"हाक आली, मालक."

गठ्ठे रद्दीत गेले, त्यांच्यामागून जुळारी घरी. एक प्रत त्याने ओट्यावरच्या भिंतीवर ठोकली.

जगाचा एक मार्च उजाडला, तेव्हा जुळारी एकोणतीस तारखेत बसला होता. मेहुणी उंबऱ्यातूनच ओरडली, "अहो, भानावर या!"

"ओ!" तो ताडकन उठला. चेहरा उजळला आणि विझला. "ताई, आवाज अगदी तिचाच हो तुमचा."

"एका आईच्या पोटच्या, दुसरा कुणाचा असणार? बसून राहू नका. दूध आणा, चहा टाकते."

त्याने पिशवी घेतली, चपला घातल्या.

"अहो!"

मेहुणी त्याच्यासमोर उंबऱ्यातच उभी होती, तोंड मिटून. हाक स्वयंपाकघरातून आली होती. दोघांनीही ऐकली.

"ओ, आलो," म्हणत जुळारी चपलांसकट आत गेला.

दूध आणायचं राहिलं ते राहिलंच.