काचेबाहेर

"बनियन काढ."

काकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ओळख ना देख. न्यू जर्सीजवळच्या पोकोनोजमधल्या डोंगराच्या पायथ्याशी, स्कीइंगवाल्यांच्या लॉजमध्ये, मी एका बाकावर थडथडत बसलो होतो. लाल जॅकेट घातलेली साठीची एक बाई मागून आली, माझ्या कॉलरीत दोन बोटं घातली, ती बोटं स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि हुकूम सोडला. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, बायकोला फोनवर 'मरतोय गं' म्हणत होतास, त्यावरून.

तुम्ही म्हणाल, थंडीनं काकडणाऱ्या माणसाला कोणी कपडे काढायला सांगतं का? मलाही तेच वाटलं. कारण आमच्याकडे इचलकरंजीला थंडीवर एकच उपाय, असेल नसेल ते अंगावर चढवायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. आई घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. आम्हा भावंडांत मिळून स्वेटर एकच, आणि तो ज्याची परीक्षा असेल त्याचा. बाकीच्यांनी शर्टावर शर्ट घालायचा, त्यावर अण्णांचा शर्ट, आणि सगळ्याच्या आत बनियन. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंजिनिअर झालो, न्यू जर्सीत आलो, वेस्ट विंडसरमध्ये घर घेतलं. हे मी मान खाली घालून सांगत नाही, छाती काढून सांगतो. पण थंडीचं शास्त्र माझं अजून इचलकरंजीचंच होतं.

तर त्या दिवशी माझ्या अंगात सुती बनियन, त्यावर सुती थर्मल, दोन स्वेटर, जाड जॅकेट, खाली जीन्स, आणि पायात दोन-दोन मोजे होते. सगळं घरीच चढवलेलं. मग हीटर लावून थेट डोंगरापर्यंत ड्राइव्ह केलं. गाडीत घामाच्या धारा लागल्या तेव्हा मी मनात म्हटलं, वा, काय ऊब आहे. नंतर वर नेणाऱ्या उघड्या पाळण्यात बसलो, वारा लागला, आणि अंगातला सगळा घाम बर्फ झाला.

"घाम गाडीतच आला ना? तोच आता थंड होऊन राहिला," काकू म्हणाल्या. "सूत पाणी पितं, बापा, सोडत नाही. ओला टॉवेल गुंडाळून बसलायस तू." मग त्यांनी आपल्या पिशवीतून लोकरीचा एक पातळ शर्ट काढून दिला. "नवऱ्याचा आहे. धुऊन परत दे. गरम पाण्यात नको."

रेस्टरूममध्ये जाऊन मी बनियन काढलं. थोड्या वेळानं दात वाजायचे थांबले.

काकू आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहत होत्या. मूळच्या नागपूरच्या. औषधांच्या कंपनीतल्या लॅबमधून रिटायर झालेल्या, नवरा वारलेला, मुलगा टेक्ससमध्ये. एवढ्या उन्हाच्या गावचं माणूस बर्फात कसं, असं कुणी म्हटलं की सांगायच्या, "आम्हाला थंडी माहीतच नव्हती, म्हणून शिकावी लागली. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही नुसते कुडकुडता."

हिवाळ्यात शनिवारी सकाळी त्यांच्या व्हॅनमध्ये वस्तीतली पोरं भरलेली असायची. डोंगराखाली पोचलं की पार्किंगमध्ये पोरांची रांग लागे. अंगालगत लोकर, पातळ. त्यावर मऊ, हलक्या फ्लीसचा थर. सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. हे सगळं तिथे पोचल्यावर घालायचं, घरून नाही. मोजे एकच जोड. आईनं प्रेमानं चढवलेला दुसरा जोड काकू तिथल्या तिथे उतरवायच्या. बूट आवळला की रक्त खाली उतरत नाही, मग ऊब कुठून येणार, असं त्या म्हणायच्या. पोरं कुरकुरायची, "काकू, आय'म फाइन." काकू म्हणायच्या, "फाइन तर सगळेच असतात. बोटं दाखव."

पाच बोटांचे ग्लव्हज त्यांना मुळीच चालत नसत. सगळी बोटं एकाच पिशवीत जातात ते मिटन्स हवेत. "थंडीत एकत्र कुटुंबच बरं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बोटं वेगळी राहायला गेली की गारठलीच समज."

कॉलरीत बोटं घालण्याची सवय मात्र त्यांना कुणासमोर आवरत नसे. एकदा तिथल्या सुरक्षा पथकातल्या एका धिप्पाड गोऱ्या माणसाच्या कॉलरीत त्यांनी बोटं घातली. तो दचकून वळला. काकू त्याला शांतपणे म्हणाल्या, "यू आर वेट." तो आत जाऊन कपडे बदलून आला आणि त्यानंतर दर शनिवारी त्यांना लांबून हात करायचा.

आणि एवढं सगळं करून स्वतः काकूंचं स्कीइंग म्हणाल तर यथातथाच. सगळ्यात सोप्या उतारावरून, स्कीजची टोकं जुळवून, म्हशीच्या चालीनं उतरायच्या. पोरं शेजारून सुसाट जायची. माझी मुलगी रेवा त्यांच्याच व्हॅनमधून जाऊन जाऊन तयार झाली आणि शाळेच्या स्की टीममध्ये आली.

गेल्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे आले. आईच्या गुडघ्यांना विमान झेपत नाही, म्हणून एकटेच. अण्णांच्या छातीत जन्मभराचा सुताचा तूस बसलेला. गार वाऱ्याची झुळूक लागली की खोकल्याची उबळ येते, आणि एकदा आली की तोंड काळंनिळं पडतं. इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गार हवा थेट छातीत जाऊ देऊ नका. त्यामुळे अण्णा आले ते हॉलच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले आणि तिथेच राहिले. शेजारपाजारचे लोक बर्फ उपसताना बघायचे.

रेवाच्या शर्यतीचा दिवस आला तो नेमका वर्षातल्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीत. टीव्हीवर दिवसभर सांगत होते, कातडी उघडी ठेवू नका. शर्यत उशिरा सुरू करणार, पण घेणार, असं शाळेनं कळवलं. आदल्या दिवशी जेवताना रेवानं विचारलं, "आजोबा, विल यू कम?" तिचं इंग्लिश अण्णांना कधी कळत नाही, पण हे कळलं. "येतो की," म्हणाले.

अण्णांच्या माघारी माझं आणि बायकोचं त्यावरून बरंच वाजलं. शेवटी मी तोडगा काढला. अण्णांना न्यायचं, पण लॉजमध्ये मोठ्या काचेशी बसवायचं. तिथून उताराचं खालचं टोक दिसतं, म्हणजे पोरं ठिपक्याएवढी दिसतात. अण्णा एवढंच म्हणाले, "पुन्यांदा काय माझं येणं व्हायचं न्हाई."

सकाळी काकू आल्या त्या कपड्यांची पिशवी घेऊनच. रेवानं मेसेज केला होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला दोनदा विचारलं. "थेट जाऊ देऊ नका म्हणाला ना? मग थेट नाही जाऊ द्यायची." मग अण्णांकडे वळल्या. अण्णा तयारच होते, म्हणजे त्यांच्या हिशेबानं. बंडी, त्यावर शर्ट, स्वेटर, माझा कोट, कानटोपी.

"भाऊ, बंडी काढावी लागते," काकू म्हणाल्या.

मला जमिनीत शिरावंसं झालं. परक्या बाईनं अण्णांना असं काही सांगावं, हे आमच्या गावी घडलं नसतं. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "जन्मभर सूत इणलं ताई. सुतानं कुणाचं वाईट केल्याचं ऐकलं न्हाई."

काकूंनी वाद घातला नाही. नेहमी घालायच्या, त्या दिवशी नाही. समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि खालच्या आवाजात बोलल्या.

"आमचे हे त्याच डोंगरावरून खाली यायचे, भाऊ. दर हिवाळ्यात. मी आत काचेशी चहा घेऊन बसायची. थंडी लागते म्हणून. बाहेर ये, बघ, म्हणायचे. मी म्हणायची, इथून दिसतंय ना. एकदाही बाहेर उभं राहून पाहिलं नाही मी. हे सगळे कपडे ते गेल्यावर घेतले."

अण्णा उठले, शर्टाच्या गुंड्या सोडायला लागले. काकूंनी पाठ फिरवली.

डोंगरावर पोचल्यावर त्यांनी अण्णांना नवरदेवासारखं सजवलं. लोकर, फ्लीस, जॅकेट, मिटन्स, आणि नाकातोंडावर लोकरीची गळपट्टी, तिच्यातून श्वास घ्यायचा म्हणजे हवा कोमट होऊन आत जाते. अण्णांनी ती दोनदा खाली-वर करून पाहिली. "कारखान्यात असं बांधाय पायजे हुतं," म्हणाले. "तवा कुणी सांगाय न्हवतं."

रेवाची पाळी येईपर्यंत काकूंनी त्यांना आतच ठेवलं. मग उताराच्या कडेच्या जाळीपाशी नेलं. बर्फावर गाडीतलं रबरी मॅट टाकून त्यावर उभं केलं, खालून गारवा चढू नये म्हणून. मी दुसऱ्या बाजूला. खिशात त्यांचा श्वासाचा पंप, तो गोठू नये म्हणून मुठीत धरलेला.

पहिल्याच श्वासाला अण्णा वाकले. एक ठसका, मग दुसरा. मी त्यांचा दंड धरून आत वळवायला लागलो. अण्णांनी माझा हात झटकला. काकूंनी त्यांच्या कॉलरीत बोटं घातली, कोरडं होतं. "नाकानं, भाऊ. हळू. आपल्याला कुठं जायचं आहे?" तिसरा ठसका आलाच नाही. अण्णा सरळ झाले. डोळ्यांत पाणी होतं, पण श्वास चालू होता. त्यांनी मला मानेनंच खुणावलं, तिकडे बघ.

वरून रेवा येत होती. मला तर तिचं फक्त हेल्मेट दिसलं. झेंड्यांच्या मधून वळत, एकदा घसरत, सावरत ती आमच्यासमोरून गेली, इतकी जवळून की बर्फाचा फवारा अण्णांच्या अंगावर आला. नंबर मधलाच कुठला तरी लागला. आमच्याकडे बघून ती ओरडली, "आजोबा! यू आर आउटसाइड!" अण्णा जाड मिटन्सनी टाळ्या वाजवत होते. आवाज काहीच येत नव्हता.

"पडली न्हाई," ते मला म्हणाले. तीन वेळा म्हणाले.

मी त्यांना आत घेऊन गेलो. काकू आल्या नाहीत. काचेतून मला त्यांचं लाल जॅकेट दिसत होतं. ओळखीचं पोर असो नसो, येणाऱ्या प्रत्येकाकडे त्या बघत होत्या. शेवटचं पोर खाली येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

काकू आता टेक्ससमधल्या फ्रिस्कोला असतात, मुलाकडे. नातवंडं लहान आहेत, सून नोकरी करते. जाताना व्हॅन विकली, पिशवी आमच्या वस्तीतल्याच एका आईला दिली. तिकडे बर्फ फारसा पडत नाही, आणि फोनवर त्या त्याबद्दल काही बोलत नाहीत. उन्हाबद्दल मात्र तक्रार करतात, नागपूरच्या असून.

शर्यतीच्या त्या रात्री मी अण्णांच्या खोलीबाहेर बराच वेळ कान देऊन उभा होतो. आतून फक्त घोरणं ऐकू येत होतं. आठवडा गेला, खोकला आला नाही. मार्चमध्ये अण्णा ठणठणीत घरी परतले. नातीला डोंगरावरून उतरताना त्यांनी बाहेर उभं राहून पाहिलं.