निनावी अर्जातली माझी वाक्यं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत इंग्रजीबाबत शेवटचा शब्द माझा असायचा. एका वकिलाच्या ऑफिसात आयुष्यभर टायपिस्ट होतो, एवढंच माझं भांडवल. बाईंच्या नावाआधी मिस की मिसेस, 'सर'नंतर स्वल्पविराम हवा की नको, असलं काहीही अडलं की माझी बेल वाजायची. पूर्ण अर्ज मात्र कोणी दाखवत नसे. नावं गाळून, एकेक वाक्य सुटं करून विचारत. घरातली भानगड बाहेर जायला नको. मीही खोदून विचारत नसे.

गेल्या थंडीत आमचा सेक्रेटरी सलग चार दिवस आला. आम्ही एकाच वयाचे, सकाळी बरोबर फिरायला जाणारे.

"अर्जात आपलं नाव द्यायचं नसेल तर खाली काय लिहितात रे?"

"नुसतं 'रेसिडेंट' लिही. कोणाला पाहिजे?"

"भाच्याला."

दुसऱ्या दिवशी विचारतो, "ज्याच्याबद्दल लिहितोय तो बाई की बुवा, ते कळू द्यायचं नसेल तर?"

"हल्ली इंग्रजीत एकट्या माणसालाही 'दे', म्हणजे अनेकवचनी 'ते', म्हणतात," मी ऐटीत सांगितलं. ही ऐट उसनी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीने मला ते शिकवलं होतं. "आजोबा, तुमचं इंग्रजी कडक इस्त्रीचं आहे," असं म्हणून हसायची. गडबडीच्या धंद्याला तरुण मुलं 'शेडी' म्हणतात, हेही तिचंच. तेही मी सेक्रेटरीला देऊन टाकलं. भाचा नोकरी शोधतोय म्हणाला होता. नोकरीच्या अर्जात 'शेडी' कशाला, असं मनात आलं. विचारलं नाही.

महिन्याभरात महापालिकेची माणसं तळमजल्यावर आली. तिथे मालवणकडच्या एक विधवा बाई घरातून माशांच्या जेवणाचे डबे देत. डबे बंद झाले. बाईंनी महापालिकेकडे गेलेल्या निनावी अर्जाची प्रत मिळवली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर आपटली.

"आता मी ह्या इंग्रजीत कोणाक गाळी घालू?"

कागद हातोहात माझ्याकडे आला. एकाने विचारलं, "तुम्हीच सांगा काका, हे इंग्रजी कोणाचं?"

खाली 'रेसिडेंट'. मध्ये 'दे', मग 'शेडी'. माझीच उत्तरं एकाखाली एक लावलेली होती. सेक्रेटरी, ज्याच्या खिडकीखाली त्या बाईंचं स्वयंपाकघर आहे, माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याचं नाव घेतलं असतं, तर अर्धा अर्ज माझा आहे हेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "हे जुन्या माणसाचं इंग्रजी नाही. कोणीतरी तरुण आहे."

सगळ्या माना दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, "एकटी राहते, काय करते कोणाला माहीत!"

"अहो, मी यांच्याकडूनच डबा घेते! आजोबा, तुम्ही तरी सांगा ना."

"मी फक्त भाषेबद्दल बोललो," मी म्हणालो आणि कागदाची घडी घातली.

तिचा करार पुढे वाढला नाही. दहिसरला तिने जागा बघितली, तिथल्या मालकाने चौकशीला आमच्या सेक्रेटरीला फोन केला. "तक्रारखोर आहे म्हणून सांगितलं. वाचवलं रे त्या माणसाला," फिरताना तो मला हसत म्हणाला. त्या दिवसापासून मी एकटाच फिरतो. कोणी साधा स्वल्पविराम विचारायला आलं, तरी आधी विचारतो, कोणाविरुद्ध लिहिताय?

गेल्या महिन्यात त्या मुलीचा नंबर मिळवून फोन केला. ओळखीच्यांकडे दिवस काढत होती. सगळं सांगितलं.

"आता का सांगताय? तुमच्यावर कोणी तक्रार केलीय का?"

"नाही गं."

"मग लेखी द्या. मराठीत, नाव आणि सहीसकट. तोंडी तर तुम्ही तेव्हाही बोलला होतात."

वर जे लिहिलं आहे तेच नावांसकट लिहून दिलं. एक प्रत तिला, एक तळमजल्यावरच्या बाईंना, एक सोसायटीच्या बोर्डावर. बोर्डावरची दुपारपर्यंत गायब झाली. मी दुसरी लावली.

काल दहिसरच्या मालकांचा फोन आला. मुलीने दिलेला कागद त्यांच्या हातात होता.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत, की मुलीने लिहून घेतलं?"

"स्वतः."

"सेक्रेटरी तर म्हणतात, वयामुळे तुमच्या लक्षात राहत नाही."

"माझ्या सगळं लक्षात आहे. मी खोटं बोललो होतो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

या वेळी खाली माझं नाव आणि सही आहे, एवढंच मी म्हणालो. "बघतो," ते म्हणाले.